काढलं नाही, वळवलं

आईची बायपास होऊन महिना झाला होता. दुपारी तिची वेणी घालत होते, तर हळूच म्हणाली, "अगं, डावीकडे बधिर वाटतं. त्यांनी तिथलं काही काढलं तर नाही ना?" दोनदा तपासणीला जाऊन आलो होतो, पण हे विचारायची तिला लाज वाटली!

कागदांवर नुसतं 'लिमा टू एलएडी' लिहिलेलं. रात्री वाचत बसले...

स्तनाला रक्त एकाच वाटेने येत नाही. एक धमनी काखेकडून येते, काही बारीक फांद्या बरगड्यांच्या मधून येतात. पण सगळ्यात मोठा वाटा, साधारण ६० टक्के, 'इंटर्नल मॅमरी' नावाच्या धमनीचा. ती गळ्याच्या हाडामागून निघते आणि छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने, बरगड्यांच्या आतून खाली उतरते. हृदयाच्या अगदी शेजारून! डावीकडची तीच 'लिमा'. सर्जन तिचं खालचं टोक सोडवून हृदयाच्या धमनीला, अडथळ्याच्या पुढे, जोडतात. वरचं टोक जागच्या जागी. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी असा जोड दिला होता. या धमनीत चरबी सहसा साठत नाही. दहा वर्षांनीही दहातल्या नऊ तरी चालू असतात. पायातून काढून जोडलेल्या शिरा तोवर जवळजवळ निम्म्या बंद पडतात.

मग बधिरपणा? पुढच्या भेटीत शेवटी मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, धमनी सोडवताना जवळच्या बारीक नसा दुखावतात. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. आणि स्तनाचं रक्त बाकीच्या वाटा सांभाळून घेतात.

घरी आल्यावर आईला सगळं नीट समजावलं. म्हटलं, "काही काढलं नाही गं, फक्त वळवलंय."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ज्याच्यावर तुम्हा दोघांना पोसलं, ते आता मला पोसतंय म्हण की."

मला काही बोलताच येईना. एक महिना ही बाई एकटीच मनात धरून बसली होती की आपलं काहीतरी काढून घेतलंय...

असो. तुमच्या घरी कुणा आई-मावशीचं हे ऑपरेशन झालं असेल, तर आपणहून विचारा. त्या सांगणार नाहीत.