एवढ्याशा पेटीत रेडिएटर!

मुलांनो, शाळेच्या वाटेवर विजेची डीपी असते ना? तिच्याजवळ मुळीच जायचं नाही, पण लांबून जरूर बघा. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला बाहेरून चपट्या पट्ट्या नाहीतर नळ्या लावलेल्या दिसतील. टाकीत तेल असतं. ते तापलं की वर चढतं, त्या नळ्यांमधून उतरताना हवेला उष्णता देतं आणि निवून पुन्हा खाली येतं. हा झाला रेडिएटर. गरम भाकऱ्या दुरडीत एकावर एक रचल्या तर बराच वेळ गरम राहतात आणि पसरून ठेवल्या की लगेच निवतात, हो की नाही? हवा लागायला जागा जास्त, तेवढी उष्णता लवकर जाते.

तुमच्या या बाई आज रेडिएटर का घेऊन बसल्या, असं वाटलं असेल. कारण आहे माझा भाचा. खोपोलीला असतो, बारावीत आहे आणि गेम खेळण्यासाठी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडतो आहे. घर दोन खोल्यांचं, टेबल एकच, त्यावरच धाकट्या बहिणीचा अभ्यास. म्हणून पेटी लहान निवडली, साधारण 18 लिटरची. म्हणजे पाण्याच्या 20 लिटरच्या जारपेक्षाही थोडी कमीच!

आता गंमत बघा. गेम रंगात आला की त्यातला प्रोसेसर जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्याएवढी उष्णता टाकू शकतो, आणि तीही टपालाच्या तिकिटाएवढ्या चकतीतून. तिच्यावर बसवायचा हवेचा चांगला कूलर पंधरा-सोळा सेंटिमीटर उंच असतो. या पेटीत तेवढ्या उंचीला मिळत होते जेमतेम सात. मग उपाय उरला पाण्याचा. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, पट्टीवरून पाणी फिरवणारा छोटा पंप, दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला पंखे लावलेला रेडिएटर.

अशा तयार संचाला सहा-सात हजार रुपये पडणार होते. सुट्ट्यांमध्ये झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्याने साठवलेले. चुकीचा आणला तर दुसऱ्याला पैसे नाहीत. ताई म्हणाली, "तू शिकवतेस ना गं विज्ञान, तूच बघ. आणि काय गं, माठासारखं गार होईल का ते पाणी?"

प्रश्न फार चांगला आहे! माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं, कारण ते झिरपतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. रेडिएटर पडला बंद. त्यातलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. आपल्या कर्जत-खालापुराकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. खोली 36 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार. तेव्हा उन्हाळ्यात खिडकी उघडी हवी आणि पेटी भिंतीला चिकटवून ठेवायची नाही.

भाच्याला हवा होता 360 चा, म्हणजे 120 मिलिमीटरचे तीन पंखे ओळीने बसतील असा. जरा वही घ्या आणि गुणाकार करा बरं. 360 गुणिले 120 म्हणजे 43,200 चौरस मिलिमीटर. दोन पंख्यांचा 240 चा घेतला तर 28,800. आणि 140 चे दोन पंखे लावायचा 280 चा असतो, तो 280 गुणिले 140 म्हणजे 39,200. लांबी 360 पेक्षा बरीच कमी, पण हवा लागायची जागा जवळजवळ तेवढीच! मला तोच आवडला होता. पण पेटीत रुंदीला मिळत होते तेरा सेंटिमीटर आणि त्याला लागतात चौदा. राहिला 240.

आणि 240 हे नाव पंख्यांवरून पडलेलं, बरं का. दोन्ही टोकांना पाण्याच्या छोट्या टाक्या असल्यामुळे तो प्रत्यक्षात 275 मिलिमीटरच्या आसपास भरतो. जाडी 27, वर पंखा 25, झाले 52. आम्ही पुठ्ठ्याचा तेवढाच ठोकळा कापून, चिकटवून पेटीत बसवून पाहिला. बसला, पण नळ्या वळायला दोन बोटं जागा ठेवून.

पट्ट्या दाट की विरळ, हे मात्र भावोजींनी ठरवलं. ते टेम्पो चालवतात, बोरघाट त्यांचा रोजचा. तोवर ते नुसते ऐकत होते. म्हणाले, "सपाट रस्त्यावर गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो. घाटात गाडी चालते हळू आणि इंजिन राबतं जास्त. तिथे सगळी भिस्त पंख्यावर. तुझी पेटी तर जागची हलतच नाही, म्हणजे कायम घाटच! दाट जाळीतून हवा ढकलायला पंखा जोरात फिरवावा लागेल. रात्री आवाज कोण ऐकणार? आणि आपल्या रस्त्याची धूळ त्यात अडकेल ती वेगळीच." भाचा गप्प. विरळ पट्ट्यांचा ठरला. (गाडीचा रेडिएटर गरम असताना त्याचं झाकण कधी उघडू नका हं, उकळतं पाणी अंगावर उडतं.)

सुटे भाग आणून स्वतः पाणी भरायचंही भाच्याच्या मनात होतं. त्याला मी नाही म्हटलं. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची पट्टी एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. तयार संचात ते थांबवणारं औषध पाण्यात घातलेलं असतं. घरी बोअरिंगचं पाणी भरलं तर क्षारही धरणार.

बसवताना रेडिएटर उभा ठेवला, नळ्या खालच्या बाजूला. संचात थोडीशी हवा असतेच. ती वर जाऊन रेडिएटरच्या माथ्याशी बसते. पंप सगळ्यात उंच ठेवला असता तर ती पंपात शिरून गुरगुरली असती.

वर्षानुवर्षं नळ्यांच्या रबरातून पाणी अगदी थोडं थोडं उडून जातं आणि बहुतेक बंद संचांत ते पुन्हा भरायची सोय नसते. हे ऐकल्यावर भावोजी म्हणाले, "माझ्या टेम्पोत निदान वरून ओतता तरी येतं!"