कपाशीचं खत संत्र्याला

बल्लारपूरच्या आसपास खताचं सारं गणित खरिपावर चालतं. पाऊस लागला की कृषी केंद्रावर युरियासाठी गर्दी होते आणि पोळ्याच्या सुमारास धान-कपाशीचं खत जवळपास आटोपतं. मी काळ्या जमिनीत संत्रा लावला, पण वेळापत्रक कपाशीचंच ठेवलं. कपाशीला टाकून उरलेला युरिया संत्र्याच्या आळ्यात जायचा. फळ बिघडलं की दोष मात्र जमिनीला द्यायचो.

माझी बाग आंबिया बहाराची. जानेवारी-फेब्रुवारीत फूल, ऑक्टोबरनंतर तोडणी. ऑगस्ट-सप्टेंबरात झाडाने फळ भरायचं असतं, त्यात गोडी यायची असते. नेमक्या त्याच वेळी मी नत्र देत होतो आणि झाड नवती फेकत होतं. बाग हिरवीगार दिसायची, येणारे-जाणारे कौतुक करायचे, मला अभिमान वाटायचा. त्या कोवळ्या पानांवर सिल्ला आणि पानं पोखरणारी अळी यायची, त्यांच्यावर फवारणीचा खर्च वेगळा. तोडणीला फळ हिरवटच, कारण उशिरा नत्र मिळालं की सालीतलं हरितद्रव्य लवकर जात नाही. साल जाड, फोडींपासून सुटलेली. व्यापारी फळ दाबून बघायचा आणि हजारामागे भाव पाडायचा. तो मला लुबाडतो आहे असं मी घरी सांगत असे. ते खरं नव्हतं. आमच्याकडच्या धो-धो पावसात त्या युरियातलं बरंचसं नत्र मुळांच्या खाली वाहून जात होतं, तो पैसाही वायाच.

दुसरी चूक जास्त महाग पडली. आंबियासाठी डिसेंबरात ओलीत बंद करून झाडाला ताण द्यावा लागतो. भारी जमिनीत तो बसायला दीड-दोन महिनेही लागतात. पानं पिवळसर पडून गळू लागली आणि माझा धीर सुटला. रात्री पाणी सोडलं, सोबत युरियाही दिला. वरुडचे मामा काही दिवसांनी आले, फांद्या बघून म्हणाले, "आता झाड झोपवाचं असते रे, तू तं त्याले उठोलं." फांद्यांवर पालवी होती, फुलं तुरळक. त्या वर्षी बाग जवळजवळ रिकामी गेली. जी थोडी फळं धरली, त्यातली बरीच मे महिन्याच्या उन्हात गळाली.

आता ताण पुरा बसू देतो. तो तोडताना पहिलं पाणी हलकं, त्याच्यासोबत शेणखत, स्फुरद, पालाश आणि नत्राचा अर्धा हप्ता. उरलेलं नत्र फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. खत खोडाशी नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेला, मातीत मिसळून, कारण उघड्यावर पडलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. कपाशीची पोती उघडली तरी बागेकडे युरिया जात नाही.

मात्रा किती हे मात्र मी अंदाजानेच ठरवत आलो, आणि तीही चूकच होती. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे लोक कितीतरी वर्षांपासून पानांचं परीक्षण करा म्हणून सांगत आहेत. अखेर फळ नसलेल्या फांद्यांची जून पानं तपासून घेतली. नत्र भरपूर निघालं, कमी होतं ते जस्त. त्याची फवारणी येणाऱ्या कोवळ्या नवतीवर करायची आहे, म्हणून पंप आधीच दुरुस्त करून आणला आहे.