प्रतीक्षानगरातील मोटार

मोटारगाडीवर आशीर्वादाचे पाणी शिंपडणे हे आम्हां धर्मगुरूंच्या नेहमीच्या कामांपैकी एक होय. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कोणी ना कोणी वाहन घेऊन उभा असतो. कधी रिक्षा, कधी स्कूटर, कधी हप्त्यांवर घेतलेली छोटी मोटार. प्रार्थना छोटीशीच असते आणि तिचा रोख वाहनावर नसून त्यात बसणाऱ्यांवर व रस्त्याने चालणाऱ्यांवर असतो. पाणी शिंपडून होते, पेढ्यांचा पुडा पुढे येतो आणि आम्ही पुढच्या कामाला लागतो. या विधीविषयी चार ओळी लिहाव्यात असे आम्हांला पंचवीस वर्षांत कधी वाटले नव्हते. परंतु २०२४ च्या पावसाळ्याआधी आमच्या शीवच्या धर्मग्रामात एक मोटार आली आणि तिने आम्हांला विचारात पाडले. ती मोटार नवी नव्हती. तिचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

तिचे मालक मूळचे संगमनेरकडचे. १९७८ साली विसाव्या वर्षी ते मुंबईस आले. आधी ट्रकवर क्लीनर, मग टॅक्सी, आणि १९८७ पासून पुढे एकतीस वर्षे एका व्यापारी कुटुंबाकडे ड्रायव्हर. राहणे प्रतीक्षानगरात. शीवच्या या वस्तीला हे नाव कोणी दिले असेल त्याला विनोदबुद्धी असावी, असे आम्हांला नेहमी वाटते. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत हक्काच्या घराची वाट पाहता पाहता तेथे लोकांचे केस पिकले, मुलांची लग्ने झाली. त्या वस्तीत वाट पाहणे हाच एक धंदा होय, आणि ड्रायव्हरचाही तोच. गाडी चालविणे हे ड्रायव्हरचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे थांबणे. हॉटेलाबाहेर, विमानतळावर, इस्पितळाच्या फाटकाशी, लग्नाच्या मांडवामागे. मालकाचा निरोप येईपर्यंत.

१९९६ मध्ये त्यांच्या मालकांनी मर्सिडीज घेतली. त्याआधीच्या वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या साथीने या मोटारींची जुळणी सुरू झाली होती. जर्मनीत त्या नमुन्याची जागा नव्या नमुन्याने घेतली त्याच सुमारास तो आपल्याकडे 'नवा' म्हणून आला. आपल्या देशाला असे शिळे नवेपण पुष्कळदा वाट्याला येते. पण गाडी मात्र अस्सल. तिच्या काचेवर एकच वायपर असतो, आणि तो काच पुसताना कोपऱ्यांकडे हात लांबवावा तसा लांबतो. हे आम्हांला आमच्या या गृहस्थांनीच दाखविले. दार लावताना होणारा आवाज तर त्यांनी आम्हांला चार वेळा ऐकविला.

मोटारीची वाट पाहणे म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना सहज कळणार नाही. शीव म्हणजे वेस. वेस ओलांडली की कुर्ला. तेथेच वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रिमियर कंपनीचा कारखाना होता. त्यातून बाहेर पडणारी फियाट, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले, ती मिळावी म्हणून लोक पैसे भरून वर्षानुवर्षे थांबत. आज तिला कोणी ऐषआरामाची गाडी म्हणणार नाही. त्या काळी चाळीत ती आली की पोरे तिच्याभोवती दिवसभर घुटमळत. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या घरच्यांनी फियाटचा हट्ट धरला. किंमत बारा हजार. शास्त्रीजींकडे तेवढे नव्हते, म्हणून त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. १९६६ च्या जानेवारीत ते गेले, आणि उरलेले कर्ज ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. हीच फियाट मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होऊन रस्तोरस्ती धावली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली. आमच्या गृहस्थांनी तरुणपणी चालविली ती हीच टॅक्सी.

मालकांची मर्सिडीज २०१७ मध्ये विकली गेली. दुसऱ्या वर्षी हे निवृत्त झाले. मालकांच्या मुलांनी जाणीव ठेवून बरी रक्कम हातावर ठेवली. ती बँकेत होती. आणि सहा वर्षांनंतर, घरात कोणाला न सांगता, ते पुण्याला गेले आणि त्याच सालची, त्याच नमुन्याची, त्याच राखी रंगाची मोटार विकत घेऊन आले. किंमत नव्या छोट्या मोटारीपेक्षा कमी पडली, हे त्यांनी आम्हांला आवर्जून सांगितले.

त्यांच्या पत्नी त्याच आठवड्यात आमच्याकडे आल्या. संतापाने त्यांचा आवाज कापत होता. "फादर, जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या पुसल्या. आता स्वतःची पुसायला घेतली. गावच्या घराचे पत्रे गळतात, ते बदलायचे पैसे होते. ही जुनी गाडी, हिची नोंदणी दर पाच वर्षांनी करायची, कर भरायचा, पेट्रोल तर पाण्यासारखं पिते. तुम्ही सांगा त्यांना विकायला. तुमचं ऐकतील."

असे प्रसंग धर्मगुरूस नवे नाहीत, आणि उपदेशाचे साहित्यही हाताशी तयार असते. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा त्यांच्यासाठी पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल मोटार आणली होती. ओव्हलवरील ते दिवस ज्यांनी पाहिले ते आमच्या धर्मग्रामातील वृद्ध अजून त्या मोटारीचे वर्णन करतात. जाताना पोपमहोदयांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरने तिची सोडत काढली, आणि आलेला पैसा बंगालमधील शांतिनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीस लावला. २०१३ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तरुण सेमिनरीयनांना बजावले की धर्मगुरू वा धर्मभगिनी अगदी नव्या नमुन्याच्या मोटारीत दिसली की आपणांस वेदना होतात. ते बोलणे आमच्यासाठी होते आणि ते आम्ही मनावर घेतले आहे. आम्ही बेस्टच्या बसने फिरतो.

परंतु बाईंचे ऐकताना एक विचार आमच्या मनातून जाईना. पोपमहोदयांनी त्या लिंकनची कधी वाट पाहिली नव्हती. मदरने तर नाहीच. ज्या वस्तूसाठी मन कधी झुरले नाही ती देऊन टाकणे थोर खरेच, पण त्यात तुटत काही नाही. एकवीस वर्षे एका मोटारीची देखभाल करून ती दुसऱ्याच्या दारात ठेवून लोकलने घरी येणारा मनुष्य, त्याला हा दाखला कसा लावावा? बेथानीच्या त्या सुगंधी तेलाचीही आठवण झाली. तीनशे दिनारांचे तेल, गरिबांस देता आले असते, असा आक्षेप तेथेही निघाला होता. मात्र ते तेल प्रभूच्या चरणांवर ओतले गेले, आणि ही मोटार प्रतीक्षानगरच्या रस्त्यावर उभी होती. तेव्हा तो आधारही आम्हांला पुरतेपणी घेता येईना.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. "दादा, आजारपणासाठी काही वेगळे ठेवले आहे का?" असे आधी विचारले. ठेवले होते, पासबुक त्यांनी दाखविले. मग विचारले, "हीच गाडी का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "फादर, मालकांच्या गाडीला एकवीस वर्षं माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. पण घरच्या माणसाला एकदा तिच्यात बसवलं नाही. मालक नाही म्हणाले नसते. मीच विचारलं नाही. पोरीच्या लग्नालासुद्धा टॅक्सी केली. गाडी तिकडे गॅरेजात उभी होती, चावी माझ्या खिशात होती."

गाडी विका, असे आम्ही त्यांना सांगितले नाही. पत्र्यांचे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी करण्याचे वचन मात्र घेतले. ताई तीन रविवार आमच्याशी बोलल्या नाहीत. त्या पावसात गावच्या घरावर ताडपत्री होती, आणि त्यांचे म्हणणे चूक होते असे आम्हांला आजही वाटत नाही.

आशीर्वादासाठी मोटार आवारात आली तेव्हा मुलांची झुंबड उडाली. आम्ही प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडले. 'आमेन' होताच दादांनी खिशातून मऊ फडके काढले आणि ते थेंब टिपून घेतले. मुंबईच्या उन्हात पाण्याचे डाग पडतात म्हणे. पवित्र पाणी असे लगोलग पुसले गेलेले आम्ही प्रथमच पाहिले. मग त्यांनी आम्हांला मागच्या आसनावर, डाव्या बाजूस बसविले. ही मालकांची जागा. बसल्यावर बरे वाटले, हे लपवीत नाही.

त्या जागेची एक गोष्ट त्यांच्या मुलाने सांगितली. पहिल्याच दिवशी दादांनी त्याला चालवायला लावले आणि आपण मागे डावीकडे बसले. स्वच्छ शर्ट, हातात वर्तमानपत्र. गाडी शीव सर्कलपर्यंत पोहोचेतो त्यांनी मुलाला ब्रेक उशिरा लावल्याबद्दल तीनदा आणि खड्ड्याबद्दल एकदा सुनावले. सर्कल ओलांडताच गाडी कडेला घ्यायला लावली आणि स्वतः चाकावर येऊन बसले. त्यानंतर त्या जागेवर ते बसलेले नाहीत. तेथे आता शेजारचे कोणी, नातवंडे, पहिल्या मिस्सेला येणाऱ्या दोन म्हाताऱ्या बसतात. पत्नी पुढे बसतात. पेट्रोल किती भरले ते त्या एका वहीत लिहून ठेवतात, आणि ती वही गाडीतच असते, दादांना दिसेल अशी.

पत्रे या वर्षी मे महिन्यात बदलून झाले.

जूनमध्ये एका रात्री बॉनेटवरचा तारा कोणी मोडून नेला. दादा दोन दिवस जेवले नाहीत, असे मुलगा म्हणाला. तिसऱ्या दिवशी ताई एकट्याच बसने कुर्ल्याला गेल्या, जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून दुपारभर फिरल्या, भावावरून दोघा दुकानदारांशी भांडल्या, आणि आपल्या भिशीच्या पैशांतून दुसरा तारा घेऊन आल्या. रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्यांचे कौतुक करू लागलो, तेव्हा त्यांनी आम्हांला मध्येच थांबविले.

"फादर," त्या म्हणाल्या, "याचा अर्थ मला ती गाडी पटली असा घेऊ नका."