लेकरू भ्यालंय

भ्यालेल्या लेकरावरून मीठ-मोहरी उतरवणं ही अंधश्रद्धा, हे मी पाथरी तालुक्यातल्या शाळांतून वर्षानुवर्षं सांगत आलो. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा तर माझा आवाज आणखीच चढला. उताऱ्यानं गुण येत नाही, हे मत आजही कायम आहे. बदललं ते उतरवणाऱ्या आजीबद्दलचं.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मायबाप पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. काही लेकरं आजीजवळ राहतात. त्यातलं एखादं ऐन शाळेच्या वेळेला पोट धरून बसतं. घरचे म्हणतात, बेंबी सरकली. गुरुजी म्हणतात, ढोंग. मी दोघांनाही हसायचो. अशाच एका आजीला मी कायदा समजावत होतो, तर ती म्हणाली, "ऐतवारी दुखत न्हाई त्याचं. मायचा फोन आला न्हाई त्या राती हातरूण ओलं करतंय. भ्यालंय लेकरू."

यात देवाचं नाव नव्हतं, भुताचंही नाही. निव्वळ निरीक्षण होतं.

पुढं वाचनात आलं की जॉन ॲप्ली या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९५८मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. दहातल्या साधारण एका मुलाचं पोट पुन्हा पुन्हा दुखत होतं. अशा बहुतेक मुलांत शारीरिक आजार सापडत नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आजाराचा संशय जास्त, हा त्याचाच ठोकताळा. (बेंबी शेवटी तिथंही आलीच!) आजार सापडला नाही म्हणून दुखणं खोटं नसतं. धास्तीनं आतडी खरोखरच कळवळतात, आणि पाच वर्षांचं लेकरू 'मला काळजी वाटते' असं थोडंच म्हणणार? ते पोट दाखवतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. आजी रोज बघते. कुरतडलेली नखं, न खाता परत आलेला डबा, पदर न सोडणं, "माय कधी येणार" हे एकाच संध्याकाळी पाच वेळा विचारणं.

पोटावर बिब्ब्याचे चटके देणाऱ्यांना मात्र माझ्याकडं माफी नाही. आणि ताप, सारख्या उलट्या, घटतं वजन, झोपेतून उठवणारी कळ असेल तर आधी दवाखानाच. पण बाकीच्या वेळी मी आता आजीला आधी विचारतो, काय काय दिसलं? मग ते गुरुजींच्या कानावर घालतो. तज्ज्ञाला दाखवायला परभणी गाठायची तर रोजगार बुडतो, म्हणून १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा फुकट नंबर लिहून देतो; तिथं मराठीत बोलता येतं.

मीठ-मोहरीवर मी आजीसमोर गप्प बसतो, हे आमच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या कार्यकर्त्यांना पटलेलं नाही. दर बैठकीत वाद होतो.