रविवारचं वाचन

आठवडाभर सभा, मोर्चे, पत्रकं. वाचायला उरतो तो रविवार. या रविवारी बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ पुन्हा काढलं. १९८६ चं पुस्तक. फलटणची ही बाई दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतले पेपर वाचायची. लिहायची तेही घरच्यांपासून लपवून, वीस वर्षं!

वाटेगावच्या अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आपण भाषणात ठासून सांगतो. आटपाडीच्या शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ही सांगतो. बेबीताई तेवढ्या गळतात. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव लागलं. तो दिवस साजरा करतो, केलाच पायजे. पण मित्रा, आपल्या घरातली बाई कुठं बसून वाचते?

शाखेतल्या एका वहिनींना विचारलं. म्हणाल्या, “चुलीम्होरं. समदी निजल्यावर.”