आईचा रेडिओ आणि दहा व्होल्टचा कंडेन्सर

गोष्ट १९९३ सालची. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. आईची नजर अधू झालेली, त्यामुळे दिवसभर तिला रेडिओचीच सोबत. चार सेल पाहता पाहता संपायचे. म्हटलं, विजेवर चालणारा सहा व्होल्टचा सप्लाय घरीच करू. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि ७८०६ नंबरचा रेग्युलेटर लॅमिंग्टन रोडवरून आणला. कंडेन्सर मात्र घरातल्या डब्यातला, १०० मायक्रोफॅरडचा लावला. पैसे वाचवायची खोड, दुसरं काय!

रेडिओ लागला, पण गाण्याच्या मागे सतत ‘घूं’! डायोडमधून येणारी वीज सेकंदाला शंभर वेळा खाली पडते. त्या खळग्यांत कंडेन्सरने साठवलेली वीज पुरवायची असते. ७८०६ला निदान आठ व्होल्ट मिळावे लागतात, आणि माझा कंडेन्सर त्याआधीच रिकामा होत होता. मग डब्यातूनच १००० मायक्रोफॅरडचा शोधला. आवाज स्वच्छ! आई खूश, मी त्याहून खूश.

चौथ्या दिवशी दुपारी आईने रेडिओ बंद केला, पण भिंतीवरचं बटण चालूच राहिलं. थोड्या वेळाने ते बंद करायला ती वाकली आणि डबीतून ‘फट्’ आवाज झाला. पांढरा धूर, घाण वास, कागदाचे ओले कपटे तिच्या पदरावर. डोळे वाचले ते केवळ तिने मान वळवलेली होती म्हणून. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती भिंतीला टेकून बसली. माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

कपटे गोळा करताना कंडेन्सरच्या टोपणावरचे आकडे दिसले : १० व्होल्ट. मी मायक्रोफॅरड पाहिले होते, व्होल्ट पाहिलेच नव्हते. नऊ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची लाट शिखराला पावणेतेरापर्यंत चढते. डायोड त्यातले दीडेक खातात. आणि रेडिओ बंद असला, की भार नसल्याने ट्रान्सफॉर्मर नऊहून बरेच जास्त व्होल्ट देतो. म्हणजे बिचारा कंडेन्सर चार दिवस जास्तीचं ओझं वाहत होता, आणि तेही रेडिओ गप्प असतानाच सगळ्यात जास्त!

पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला. या वेळी १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा कंडेन्सर घेतला. पट्टीची बाजू ऋण, हे तीनदा तपासून डाग दिला. रेग्युलेटरच्या पायांना अगदी चिकटून, आतल्या बाजूला ०.३३ आणि बाहेरच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचे चिमुकले कंडेन्सरही बसवले. पहिल्या वेळी ते मी चक्क गाळले होते. सगळं पत्र्याच्या डबीत बंद केलं.

आई काही हात लावेना. म्हणाली, “आधी तू बस त्याच्याजवळ.”

बसलो. संध्याकाळपर्यंत, रेडिओ बंद ठेवून, डबीवर हात ठेवून. दिवेलागणीला तिने विचारलं, “गरम झालंय का रे?”

“नाही गं.”

“मग बातम्या लाव.”