ला प्रेन्सा : वाक्यात उपयोग करा

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यात 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न किती हजार वेळा तपासला असेल, देव जाणे. दरवर्षी एखादा तरी बहाद्दर निघायचाच. "'धाबे दणाणणे' हा वाक्प्रचार आम्हांला बाईंनी काल शिकवला." मी शून्य दिलं की वर्गात उभा राहून विचारायचा, "बाई, उपयोग तर केलाय!" नियमाने त्याचं काही चुकलेलं नसायचं. शेवटी अर्धा गुण देऊन मी सुटका करून घ्यायची.

आता हाच प्रश्न पुन्हा माझ्या पुढ्यात आलाय, तोही स्पॅनिशमध्ये.

नात ह्यूस्टनला आठवीत आहे. तिला शाळेत दुसरी भाषा स्पॅनिश. दोन वर्षांपूर्वी ती व्हिडिओ कॉलवर पाठ म्हणून दाखवायची, तेव्हा मी नुसती माना डोलवायचे. मग म्हटलं, एवीतेवी बसतोच आहोत तर आपणही शिकू. एक दोनशे पानी वही केली, शब्द देवनागरीत उतरवायला लागले. उच्चाराच्या दृष्टीने स्पॅनिश ही फार सरळ पोरगी आहे हो. लिहिलं तसं बोलायचं. इंग्रजीसारखा लपंडाव नाही. आमचे हे मला चिडवतात, "या वयात कोणत्या राजदूताची नेमणूक मिळणार आहे?" मी लक्ष देत नाही.

तर गेल्या महिन्यात रविवारी सकाळी (तिच्याकडे शनिवारची रात्र) तिने सांगितलं, "आजी, 'ला प्रेन्सा'वर पाच वाक्यं करायचीयत."

प्रेन्सा म्हणजे आपलं प्रेस. वर्तमानपत्रं, बातमीदार, बातम्यांची सगळी दुनिया. शब्दाचं मूळ लॅटिन, 'दाबणे' या अर्थाच्या क्रियापदातलं, आणि स्पॅनिशमध्ये तो आला शेजारच्या कातालान भाषेतून. द्राक्षं किंवा ऑलिव्ह दाबून रस नि तेल काढायचं यंत्र, तेही प्रेन्साच. छपाईचं यंत्र निघालं ते याच दाबयंत्राच्या धर्तीवर, म्हणून तीही प्रेन्सा झाली. मग त्यातून छापून निघणारा कागद, आणि शेवटी तो कागद लिहिणारी माणसं. यंत्राचं नाव माणसांना चिकटलं. पोर्तुगीजांचा शब्द 'इंप्रेन्सा'. ते यंत्र १५५६ साली गोव्यात उतरलं, भारतातला तो पहिला छापखाना. मराठीत आपण 'प्रेस' इंग्रजीकडून घेतला आणि त्याची पार कणीक तिंबली. कपडे प्रेस करतो, प्रश्नपत्रिका प्रेसला देतो आणि मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर 'प्रेस' लिहून सिग्नल तोडतो.

या शब्दाचे वाक्प्रचार मला फार आवडले. फिल्मी लफड्यांची आणि राजघराण्यांच्या लग्नांची जी मासिकं-साप्ताहिकं असतात, त्यांना स्पेनमध्ये म्हणतात 'प्रेन्सा देल कोरासोन', म्हणजे हृदयाची प्रेस! पत्रकार परिषदेला 'रुएदा दे प्रेन्सा', प्रेसचं चाक. (मेक्सिकोत वगैरे मात्र सरळ 'कोन्फेरेन्सिया'.) एखाद्याचं नाव बद्दू झालं असेल तर त्याला 'माला प्रेन्सा' असते. यातला माला म्हणजे वाईट. आपल्याला ऐकताना वाटतं, हार घातले की काय. आणि 'प्रेन्सा म्हणते की' याचं स्पॅनिश 'ला प्रेन्सा दीसे के'. दीसे म्हणजे म्हणते. माद्रिदकडचे लोक 'दीथे' म्हणतात, पण नातीच्या बाई अमेरिकेकडचं शिकवतात, म्हणून दीसे. मराठीच्या बाईला त्यात जुन्या पोथीतला 'दिसे' ऐकू येणारच. प्रेन्सा म्हणे, तसे दिसे! हे नातीला समजावायला मला दहा मिनिटं लागली आणि तिला हसू काही आलं नाही. असो.

तिने पहिलं वाक्य वाचून दाखवलं. "ला प्रेन्सा मिएन्ते."

प्रेस खोटं बोलते.

व्याकरणाने बिनचूक. तीन शब्दांत काम झालं. दुसरं वाक्य, "माझे आजोबा प्रेन्सा वाचतात." तेही बरोबर. हे रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचतात ते तिने पाहिलंय. पण मी पहिल्या वाक्यापाशीच अडकले. विचारलं, "बाळा, हे कोणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात, आजी. तुम्हीपण म्हणता."

आता यावर काय बोलणार? म्हणते मी. बातम्या लागल्या की म्हणते. का म्हणते ते तिला ठाऊक नव्हतं, एवढंच.

मी आपली व्याकरणात शिरले. शिक्षकांना ती सवय असते, अवघड जागी आली की व्याकरणात शिरायचं. तिला म्हटलं, हे बघ, 'ला प्रेन्सा' स्त्रीलिंगी एकवचनी. हजार वर्तमानपत्रं नि लाख बातमीदार, पण क्रियापद एकवचनी. मराठीत आपण 'वर्तमानपत्रवाले' म्हणतो, 'माध्यमं' म्हणतो, अनेकवचनात राहतो. स्पॅनिशमध्ये त्या सगळ्यांची मिळून एक बाई होते. एकदा एक बाई झाली की तिला खोटारडी म्हणणं सोपं. मग तिला दुसरी गंमत दाखवली, ती तिच्या पुस्तकात पुढच्या धड्यात होती. 'क्रेओ के ला प्रेन्सा दीसे ला बेर्दाद', म्हणजे मला वाटतं प्रेस खरं सांगते. आणि 'मला तसं वाटत नाही' म्हणायचं असेल तर 'नो क्रेओ के ला प्रेन्सा दीगा ला बेर्दाद'. दीसेचा दीगा झाला! म्हणणाऱ्याच्या मनात शंका आली की पुढचं क्रियापदच रूप बदलतं. आपल्याकडे 'सांगते'चं 'सांगत असेल' होतं, थोडंफार तसं. मला हे इतकं आवडलं होतं की वहीत चौकट करून ठेवलंय. शंका घ्यायची तर तिची खूण क्रियापदावर दिसली पाहिजे. 'मिएन्ते'मध्ये कसली शंका? तिथे निकाल लागून गेलाय.

नात म्हणाली, "पण ते होमवर्कमध्ये नाहीये."

फोन ठेवल्यावर मी संगणकावर तो शब्द शोधत बसले. तेव्हा कळलं की 'ला प्रेन्सा' या नावाची वर्तमानपत्रंच कितीतरी आहेत. (रोमन लिपीत मोठं अक्षर असतं म्हणून नाव ओळखू येतं. देवनागरीत अवतरणचिन्हाशिवाय गत्यंतर नाही.) ब्यूनस आयर्सचं 'ला प्रेन्सा' १८६९ सालचं. ते १९५१ मध्ये पेरॉन यांच्या सरकारने ताब्यात घेऊन कामगार संघटनेकडे दिलं. १९५५ मध्ये पेरॉन गेले, मग ते मालकांना परत मिळालं.

पण मी वाचत राहिले ते निकाराग्वाचं. मानाग्वा शहरातलं 'ला प्रेन्सा' १९२६ सालचं. त्याचे संपादक पेद्रो होआकीन चामोरो सोमोसा घराण्याच्या हुकूमशाहीविरुद्ध लिहायचे. १० जानेवारी १९७८ ला सकाळी गाडीतून कामावर जात असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या पत्नी व्हिओलेता पुढे १९९० मध्ये निवडून येऊन देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. ज्या सांदिनिस्तांनी सोमोसांना घालवलं, त्यांचेच नेते ओर्तेगा २००७ मध्ये पुन्हा सत्तेवर आले, आणि त्यांच्या राज्यात या पत्राचा छपाईचा कागद कस्टममध्ये अडकून पडला. ऑगस्ट २०२१ मध्ये कागद संपला, छापील अंक बंद झाला, पाठोपाठ पोलीस कचेरीत शिरले. व्यवस्थापक होल्मान यांना तुरुंगात टाकलं, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटले ते थेट देशाबाहेर. बातमीदार २०२२ मध्येच परदेशात निघून गेले होते, तिथून ते इंटरनेटवर पत्र चालवू लागले. २०२५ मध्ये युनेस्कोने त्यांना वृत्तपत्र स्वातंत्र्याचं पारितोषिक दिलं, तर निकाराग्वाचं सरकार रागावून युनेस्कोतूनच बाहेर पडलं!

कागद अडवायचा. मला तेच डोक्यातून जाईना. आमच्या गावच्या छापखान्यात शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रितं तपासायला मी जायची. ट्रेडल मशीनचा खडखडाट, शाईचा वास आणि भिंतीशी रचलेली कागदाची रिमं. तीच नसतील तर कसली प्रेस?

दुसऱ्या रविवारी नातीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ओके. पण मग तुम्ही का म्हणता, आजी?"

आता सांगणं भाग होतं. हे बाजूलाच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

१९९१ चा मार्च. दहावीची परीक्षा, माझ्याकडे खिडकीकडच्या रांगांचं पर्यवेक्षण. एका मुलाच्या हातातली चिठ्ठी मी काढून घेतली आणि उघडून बघत उभी राहिले. एवढंच घडलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या एका दैनिकात मथळा, 'शिक्षिकेनेच पुरवली कॉपी'. नाव नव्हतं, पण आडनावाचं आद्याक्षर, विषय आणि केंद्र होतं. गाव लहान. आणखी काय लागतं? चौकशी लागली, ती पावणेतीन महिने चालली. त्या मुलानेच साहेबांसमोर खरं सांगितलं म्हणून मी सुटले. त्याचा खुलासा त्याच दैनिकात आला पाचव्या पानावर, एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली, चार ओळी. मथळा वाचलेल्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल?

सासरे रोज संध्याकाळी पारावर जायचे, ते जायचे बंद झाले. मला एक शब्द बोलले नाहीत. नुसते अंगणात खुर्ची टाकून बसायचे. ते मला कोणी चार शब्द सुनावले असते त्याहून जास्त लागलं. मी घरातलं वर्तमानपत्र बंद केलं. हे अकरा वर्षं सकाळी वाचनालयात जाऊन पेपर वाचून यायचे आणि घरात काही बोलायचे नाहीत. आपण मागे राहून गेलो तर सून-मुलं सांगतील असल्या गोष्टी, म्हणून कधी नातीला सांगितल्या नव्हत्या.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे खोटंच बोलले की ते. माझं वाक्य बरोबरच आहे."

मी म्हटलं, "एक वर्तमानपत्र. 'ला प्रेन्सा' नाही, 'उन पेरिओदिको'. आणि भूतकाळ. 'मिन्तिओ', खोटं बोललं." तिने खोडून लिहिलं, 'उन पेरिओदिको मिन्तिओ'.

लिहिताना मी बघत होते आणि मलाच ते पटेना. खोटं बोललं? तो बातमीदार पोरगा विशीतला होता. केंद्राच्या कुंपणाबाहेर उभा होता. खिडकीतून त्याला काय दिसलं? बाईंच्या हातात चिठ्ठी. ती तर होतीच! त्याने दिसलं ते लिहिलं. दीसे नि दिसे. पस्तीस वर्षं मी 'खोटं छापलं' म्हणत आले, आणि मराठीच्या बाईने हा शब्द कधी तपासला नाही. खोटं बोलणं म्हणजे ठाऊक असून बोलणं. त्याला ठाऊक नव्हतं. शाळेचं फाटक उघडं होतं, परीक्षा सुटल्यावर मी तासभर गठ्ठे बांधत बसले होते. आत येऊन त्याने मला विचारलं असतं तर? विचारलं नाही. माझा राग आहे तो त्याच्यावर आहे, तो अजून आहे, आणि तो याचसाठी आहे.

"खोड ते," मी म्हटलं.

"परत?"

'विचारणे'चं रूप वहीत शोधलं. दोघींनी मिळून वाक्य जुळवलं : 'उन पेरिओदिको नो ले प्रेगुन्तो आ मि आबुएला.' एका वर्तमानपत्राने माझ्या आजीला विचारलं नाही. हे म्हणाले, "हं." एवढंच. आणि पुन्हा पेपर उचलला.

बाकीची तीन वाक्यं तिने पटापट केली. एक मानाग्वाच्या कागदाचं, एक हृदयाच्या प्रेसचं, आणि एक दीगावालं, पुढच्या धड्यातलं, बाईंवर छाप पाडायला.

गेल्या आठवड्यात वही तपासून आली. तिने कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. दीगाला बाईंनी लाल शाईत चांदणी दिली होती. पहिल्या वाक्याचा मात्र अर्धाच गुण. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, पण वाक्यात 'प्रेन्सा' हा शब्दच नाही.